टाकीवरचा हात

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुनी मोटारसायकल आहे, आणि आपल्यात घाबरणारं जर कुणी असेल तर ती मीच. आवाज वाघाचा आणि काळीज सशाचं, अशी माझी गत! लोक मला बुलेट म्हणतात. बोईसरच्या बाजारातून मी धडधडत निघाले की कुत्री बाजूला होतात, भाजीवाल्या आपल्या टोपल्या मागे ओढतात. त्यांना वाटतं, काय हिची ऐट! आणि मी बिचारी मनातल्या मनात म्हणत असते, देवा, पुढे खड्डा तर नाही ना?

आज तर माझा जीव नुसता टांगणीला लागला आहे. माझा नवा मालक रामकिसन मला उद्या रंगवणार आहे. रंगाचा डबा आणून ठेवला आहे आणि त्याच्याशेजारी पॉलिश पेपर. जुना रंग घासून काढल्याशिवाय नवा बसत नाही, हे मलाही कळतं. रामकिसन माणूस चांगला आहे, हौशी आहे. पण माझ्या टाकीच्या उजव्या बाजूला एक पांढुरकी खूण आहे. पॉलिश पेपर तिच्यावरून फिरला तर ती कायमची जाईल. मोठ्या माणसांना आमचं बोलणं ऐकू येत नाही, तुम्हा मुलांना येतं. म्हणून तुम्हाला सगळं सांगते. ऐकून झालं की माझं एक काम करा.

माझा जन्म फार दूर, मद्रासकडे झाला. तिथून रेल्वेने बोईसरला आले आणि थेट तारापूरला गेले. वीजकेंद्राच्या वसाहतीत धारवाडकर नावाचे एक साहेब राहत, त्यांनी मला विकत घेतलं. काय ते दिवस होते! साहेब मला डांबरी रस्ता सोडून कधी खाली उतरवत नसत. रविवारी चिंचणीच्या समुद्रापर्यंत जायचं, शहाळं प्यायचं आणि परत यायचं. खारा वारा लागून गंज चढू नये म्हणून घरी आल्या आल्या साहेब मला गोड्या पाण्याने धूत आणि पिवळ्या फडक्याने पुसत. शेजारीपाजारी म्हणत, "साहेब, गाडी आहे की नवरी?" मी लाजून चूर होत असे.

पण साहेबांची बदली झाली आणि त्यांनी मला पंढरीला विकलं. तिथून माझ्या छातीतली धडधड वाढली.

पंढरी बोईसरच्या एका कारखान्यात फिटर होता. मूळचा परभणीकडचा, काळ्या मातीतला माणूस. साहेबांना रस्ता लागे. पंढरीला मात्र रस्ता संपलेलाच बरा वाटे. सुट्टी आली की हा डांबर सोडून पूर्वेच्या डोंगराकडे वळायचा. मग कधी भाताच्या खाचरांचे बांध, कधी ओढ्यातले गोटे, कधी गुडघाभर लाल फुफाटा. वाळलेल्या सागाच्या पानांवरून चाक घसरायचं. खालून दगड उडून इंजिनावर टणकन आपटला की मी मनात किंचाळायचे, आणि हा वर बसून शीळ घालायचा!

त्याची बायको नर्मदा चाळीच्या दारात उभी राहून म्हणायची, "हाडं मोडून घ्यायचा नाद लागलाय का तुम्हाला? रस्ते काय मेलेत का?"

"अगं, रस्त्यानं तर सगळंच जग जातंय," पंढरी म्हणायचा. "आपण जरा मातीतनं जाऊ की."

त्याला एक वाईट खोड होती, तीही सांगून टाकते. उतार लागला की तो गियर काढून माझं इंजिन बंद करायचा. पेट्रोल वाचतं म्हणे! तेव्हा सगळेच तसं करत आणि वर त्याचा अभिमान मिरवत. पण मित्रांनो, इंजिन चालू असलं आणि गियर टाकलेला असला, की इंजिनच चाकाला मागे ओढून धरतं. ते बंद केलं की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. असा उतार आला की मी देवाचा धावा करायचे.

त्याच कारखान्यात भिका नावाचा एक हमाल होता. उमरोळीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी करवंदपाडा आहे, तिथला. दोघं जेवणाच्या सुट्टीत एकत्र बसत, आणि बघता बघता जिवाभावाचे मित्र झाले. मग आमचं पाड्यावर जाणं-येणं सुरू झालं. भिकाच्या घरी लाडकी होती आणि त्यांची लेक चिमी. चिमी लग्नाची झाली होती. आणि गंमत अशी, की तिच्या आईबापाचं लग्न अजून व्हायचं होतं!

हसू नका. त्या पाड्यांवर रीतच तशी आहे. दोघांचं मन जुळलं की संसार थाटायचा. लग्न लावायला धान्य लागतं, पाहुणे जेवायला घालावे लागतात, म्हणून ते सवडीने करायचं. त्यात कुणी वावगं मानत नाही. मात्र दोन गोष्टी अडतात. आईबापाचं लग्न लागल्याशिवाय लेकीचं लागत नाही. आणि जिचं लग्न लागलं नाही ती सवाशीण होत नाही. लग्नाच्या वेळी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढतात, त्याला फक्त सवाशिणींनी हात लावायचा.

लाडकीचं लग्न दोनदा ठरलं होतं. एकदा भात बुडालं, एकदा भिकाच्या पायावर कारखान्यातलं ओझं पडलं. पाड्यावर कुणाचंही लग्न असो, ही बाई पाणी भरायची, चुली पेटवायची, आणि चौक काढायची वेळ आली की मुकाट्याने दाराबाहेर येऊन उभी राहायची. एकदा माझ्याशेजारीच उभी होती. नर्मदेला म्हणाली, "वहिनी, बाकी काय नको मला. माज्या चिमीच्या चौकात माजा हात लागू दे, बस." हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते, आणि मला स्टँडवर उभ्या उभ्या कसंतरीच झालं.

अखेर तो दिवस उजाडला. उन्हाळा होता, राब भाजायचे दिवस. म्हणजे काय, तर पावसाआधी शेताच्या तुकड्यावर पाला, फांद्या आणि शेण पसरून जाळतात आणि त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं बी पेरतात. डोंगरभर धूर होता. पाड्यावर मांडव पडला होता. सकाळी भिका-लाडकीचं लग्न, मग लेकीचा चौक, आणि संध्याकाळी त्याच मांडवात चिमीचं लग्न, असं ठरलं होतं. नवऱ्या मुलाकडची मंडळी येऊन बसली होती. मोठ्या चुलाण्यांवर भात शिजत होता. पंढरी आणि नर्मदा माझ्यावर बसून आले आणि मी चिंचेखाली सावलीत उभी राहिले. म्हटलं, चला, आज तरी आराम!

कसला आराम? कमळी आली आणि तिने नुसता गळ्याकडे हात केला.

कमळी तिथली धवलेरी. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. ती गाणी म्हणते, देवांना बोलावते, आणि तिच्या गाण्यांनीच लग्न लागतं. आदल्या दिवशी कमळी दुसऱ्या पाड्यावर गाऊन आली होती आणि तिचा घसा पार बसला होता. तोंडातून नुसती हवा येत होती.

पंढरी बिचारा पुढे होऊन म्हणाला, "मी उमरोळीहून भटजी आणू का? हा गेलो आणि हा आलो."

म्हाताऱ्या हसायला लागल्या. भिका म्हणाला, "पंढरीभाऊ, भटजीला आमच्या देवांची नावं कोठून ठाव असणार? धवलेरीबिगर लगीन नाय लागत."

नवऱ्या मुलाचा बाप गोमा उठून उभा राहिला. "मग पुढल्या साली बघू," तो म्हणाला. "आता राब हाय, मग पाऊस, मग आमी जाणार वीटभट्टीवर. दुपारच्या जेवणापर्यंत थांबतो. मग निघू."

लाडकी मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. अंगाला हळद लागली होती, मांडीवर तांदळाच्या पिठाचं भांडं होतं. तिने भांडं उचलून पलीकडे ठेवलं, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.

डोंगरापलीकडे खडकपाड्याला गोजराबाई नावाची दुसरी धवलेरी राहत होती. पायी जाऊन तिला आणायचं तर संध्याकाळ झाली असती. भिका उठला, पण हळद लागलेल्या नवरदेवाने मांडव सोडायचा नसतो. तेव्हा पंढरीने हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मेले! मी मनात म्हटलं. त्या खिंडीतून बैलगाडी जात नाही, मी कशी जाणार?

नर्मदा या वेळी नेहमीसारखी ओरडली नाही. तिने लाडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "जा. पण जपून."

चढ कसा चढले, मला आता नीट आठवतही नाही. वाट कसली, शेळ्यांची पायवाट ती! एकीकडे कातळ, एकीकडे घळ. मागचं चाक मातीत फिरत राही आणि मी जागच्या जागी थरथरत उभी. पंढरी खाली उतरून मला ढकली, पुन्हा बसे, पुन्हा ढकली. त्या दिवशी त्याने शीळ घातली नाही. त्यालाही भीती वाटत होती, आणि त्याला भीती वाटते आहे हे कळल्यावर माझी तर गाळणच उडाली. पण पोचलो.

गोजराबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. काटकुळी म्हातारी, पण नजर मोठी करारी. मला बघून म्हणाली, "ह्या रेड्यावर मी नाय बसायची."

रेडा! मी बाईमाणूस, आणि मला रेडा म्हणाली!

"आजी, पाया पडतो," पंढरी म्हणाला. "लाडकीचं लगीन अडलंय. तिच्या लेकीचंबी अडलंय."

"कोण लाडकी? भिक्याची? अजून नाय झालं तिचं?" म्हातारी ताडकन उठली. मग घरात जाऊन एक बोचकं घेऊन आली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला, आणि माझ्यावर पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसली. "चल. पाडलंस तर बघ."

खिंड ओलांडून आम्ही उतरणीला लागलो. गोजराबाई पुटपुटत गाणी आठवत होती. कोणत्या देवाला आधी बोलवायचं, कोणाला मागून, याचा क्रम चुकला तर लग्न लागत नाही म्हणे. पण माझ्या धडधडीत तिला स्वतःचाच आवाज ऐकू येईना.

तिने पंढरीच्या पाठीत बुक्की मारली. "गप कर ह्याला! माजी गाणी चुकतात."

पंढरीला तेवढंच हवं होतं. आधीच खोड, त्यात धवलेरीचा हुकूम. त्याने गियर काढला, किल्ली फिरवली आणि मी गप्प झाले.

अरे नको रे नको! मी आतल्या आत ओरडत होते. सगळीकडे एकदम शांत झालं. म्हातारीचं गाणं तेवढं ऐकू येत होतं, आणि खाली चाकांची खरखर. वेग वाढू लागला. पंढरीने ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. ब्रेक तापले. जळका वास आला. मग तो दाबतच राहिला आणि ब्रेक धरेचनात. दगडांवरून मी उड्या मारत निघाले. गाणं थांबलं. म्हातारीने पंढरीचा सदरा दोन्ही मुठींत धरला.

पंढरीने कसाबसा गियर टाकला आणि क्लच सोडला. माझं मागचं चाक करकचलं, मी एक मोठा झटका खाल्ला, पण समोर वळण येऊन ठेपलं होतं. आम्ही पायवाट सोडून सरळ खालच्या शेतात गेलो आणि मी डाव्या अंगावर आडवी झाले.

नशीब बघा, पडलो ते राबावर. गुडघाभर पाला, फांद्या, गवत. तिघांपैकी कुणाचंही हाड मोडलं नाही. पण तो राब जाळण्यासाठीच रचला होता, आणि शेजारचा तुकडा पेटलेला होता! माझ्या टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकू लागलं होतं. वारा फिरला आणि ठिणग्या आमच्याकडे यायला लागल्या. मित्रांनो, एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शेत सुका आणि तानी या नवराबायकोचं होतं. "आगीजवळनं हटा!" असं ओरडत ती दोघं ओले डहाळे घेऊन धावत आली. सुका ठिणग्या झोडपू लागला. तानीने माझ्या मागच्या कॅरियरला हात घातला. पंढरीने हँडल धरलं. माझं वजन काय थोडंथोडकं आहे? मी हलेना.

"आजी, तुम्ही लांब जा!" पंढरी ओरडला.

"कोठं जाऊ? ह्या रेड्यानं मला आणली, त्याला जळत ठेवून मी जायची नाय!" असं म्हणून त्या काटकुळ्या म्हातारीने माझं मडगार्ड धरलं आणि पाय रोवले. ओढत ओढत त्यांनी मला बांधापलीकडे आणलं. मागे तो राब भडकन पेटला.

माझा दिवा फुटला होता, हँडल वाकडं झालं होतं. पंढरीने मला उभी केली आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. पडल्यामुळे माझ्या इंजिनात नको तेवढं पेट्रोल शिरलं होतं आणि मला बोलताच येईना. ऊन डोक्यावर आलं होतं. खाली पाड्याचा मांडव दिसत होता, आणि मांडवाबाहेर माणसं उभी राहिलेली दिसत होती. गोमाची मंडळी उठली असणार. पंढरी घामाने निथळत किका मारत होता.

गोजराबाई बांधावर बसली होती. ती उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या टाकीवर थोपटून म्हणाली, "मीच गप केलं तुला. बोल रे बाबा आता. तू बोल, मी तुज्याहून मोठ्यांदा बोलन."

पंढरीने आणखी एक किक मारली. आणि मी बोलले! खोकत, ठसकत, पण बोलले.

उरलेली उतरण आम्ही पहिल्या गियरमध्ये, इंजिन चालू ठेवून उतरलो. मी धडधडत होते आणि माझ्या धडधडीच्या वर गोजराबाई गात होती. एकेका देवाला हाक मारत होती, डोंगराला, धान्याच्या कणसरीला, हिरवादेवाला. एक नाव चुकलं नाही. पाड्यावरच्या लोकांना आधी माझा आवाज ऐकू आला आणि मागोमाग तिचा. गोमा डोक्याला फेटा बांधून निघायच्या तयारीत होता, तो तिथेच खाली बसला.

लाडकीचं लग्न लागलं. मी वाकड्या हँडलाने चिंचेखाली उभी राहून ऐकत होते. भिका रडला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. अहो, दिवा फुटला म्हणून काय झालं?

मग चिमीचा चौक काढायची वेळ झाली. सवाशिणी झोपडीत गेल्या. लाडकी सवयीने दाराकडे जाऊन उभी राहिली. तेव्हा आतून गोजराबाईचा आवाज आला, "तू बाहेर काय करतेस गं? ये आत." आणि लाडकी आत गेली.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली ती सरळ माझ्याकडे. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. हसत होती आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. ती माझ्याजवळ थांबली. टाकीवरची धूळ तिने मनगटाने बाजूला केली आणि उजव्या बाजूला आपला तळवा दाबून धरला. आयुष्यभर जो हात दाराबाहेर राहिला, तो तिने आधी लेकीच्या चौकाला लावला आणि मग मला लावला. कुणी पिवळ्या फडक्याने कितीही पुसलं असतं तरी मला इतकं बरं वाटलं नसतं.

पंढरीने तो ठसा कधीच पुसला नाही. घरी गेल्यावर त्याने त्याच्यावर हलकेच वार्निशाचा हात मारला. त्या दिवसापासून त्याने उतारावर माझं इंजिनही कधी बंद केलं नाही. पुढे कितीतरी वर्षं आम्ही गोजराबाईला लग्नांना नेलं. ती निरोप पाठवायची, "रेडा येत असंल तर मी येते." दर खेपेला मी घाबरायचे आणि दर खेपेला जायचे.

आता गोजराबाई नाही. लाडकीही मागच्या साली तापाने गेली. पंढरीचा कारखाना बंद पडला आणि तो नर्मदेला घेऊन गावी परत गेला. जाताना त्याने मला रामकिसनच्या हवाली केलं. क्लच असा आहे, तेल इतकं लागतं, सगळं सांगितलं. शेवटी त्याने त्या ठशावर हात ठेवला आणि सांगायला तोंड उघडलं. पण मध्येच मान फिरवून तो तसाच निघून गेला. रामकिसनला वाटलं, धूळ झटकतो आहे.

तर मित्रांनो, माझं काम एवढंच. यंत्राला तेल द्या, पाणी द्या, उतारावर त्याचं तोंड बंद करू नका, हे तर मी सांगेनच. पण आज आधी पळत जा. बोईसरला, रेल्वे फाटकाच्या पलीकडच्या चाळीत, उद्या सकाळी एक माणूस पॉलिश पेपर घेऊन माझ्यापुढे बसेल. त्याला म्हणावं, रामकिसनकाका, सगळी घासा, हवा तो रंग द्या, पण टाकीची उजवी बाजू तेवढी सोडा. तो डाग नाही, हात आहे.